एका रेघेचा हक्क

माझ्या एकट्याच्या मुतावर आमची निम्मी बराक चार महिने पास होत होती. वाचून कुणाला किळस आली तर येऊ दे. 'लघवी' हा शब्द मलाही येतो, पण लघवी डॉक्टर लोक करतात. आम्ही मुततो.

मी रंगारी. भिंती रंगवायचो, मग भिंती रंगवायच्या पैशात ब्राउन शुगरची पुडी ओढायचो, मग पुडीसाठी दुसऱ्यांच्या घरातले नळ आणि पंखे काढून विकायला लागलो. तिसऱ्या पंख्याला सापडलो. कोर्टाने साडेतीन वर्षं दिली. तुरुंगात गेला म्हणजे व्यसन सुटलं, असं बाहेरच्या शहाण्यांना वाटतं. त्या शहाण्यांनी एकदा आत येऊन राहावं. बाहेर पुडीसाठी मला चार गल्ल्या चालावं लागायचं, आत चार पावलं पुरायची. मोठ्या बराकीत साडेतीनशे माणसं झोपायची आणि त्यातली कितीतरी डोळे उघडे ठेवून झोपायची.

या सगळ्यात एक खोली वेगळी होती. पूर्वी तिथे हातमाग होते. माग गेले, फरशीत स्क्रूची भोकं राहिली, आणि त्या भोकांवर बावीस खाटा आल्या. ही उपचाराची बराक. ती डॉक्टरबाईंनी मांडली होती. बाई पन्नाशीच्या, आवाज घोगरा, पायात रबरी चपला, आणि कैद्याला 'अहो' म्हणायची वाईट खोड. पहिल्या दिवशी त्या मला 'अहो रंगारी' म्हणाल्या तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.

उपचार साधा होता. सकाळी खिडकीवर रांग, जिभेखाली एक गोळी, दहा मिनिटं तोंड बंद करून बाकावर बसायचं, मग बाई बॅटरी मारून तोंड बघणार. कारण गोळी गालात लपवून मोठ्या बराकीत विकणारेही आमच्यातच होते. त्या गोळीने टर्की थांबते. टर्की म्हणजे पुडी मिळाली नाही की अंग जे करतं ते: हाडं सोलल्यासारखी दुखतात, नाक गळतं, पोट धरत नाही, आणि माणूस आईला शिव्या द्यायला लागतो. गोळीने हे थांबलं की माणूस इतर गोष्टींचा विचार करू शकतो. मग दुपारी सगळ्यांनी गोल बसून बोलायचं. काल मन कुठे घसरलं, कशाने घसरलं, सगळं सांगायचं. आणि दर सोमवारी तपासणी. छोट्या बाटलीत मुतायचं, बाई त्यात पट्टी बुडवणार आणि वहीत नावापुढे निकाल मांडणार. दोन रेघा उठल्या तर माणूस साफ. एकच रेघ उठली तर पोटात माल आहे.

आणि एक रेघ म्हणजे बाहेर. त्याच दुपारी अंथरुण गुंडाळायचं आणि मोठ्या बराकीत परत जायचं. गोळी बंद, सगळं बंद. हा नियम बाईंचा नव्हता, वरून आला होता. वर म्हणजे कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. आपल्याकडचे सगळे नियम वरूनच येतात, पावसासारखे, आणि भिजतो तो खालचाच.

या नियमाने आमच्या डोळ्यांदेखत एक माणूस खाल्ला. त्याला आम्ही भोंगा म्हणायचो. तीन महिने साफ होता, एकदा घसरला, सोमवारी एक रेघ उठली. दुपारी अंथरुण घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी सकाळी मोठ्या बराकीत उठलाच नाही. बाईंनी आम्हाला गोलात बसवून समजावून सांगितलं. तीन महिन्यांत शरीर जुनं माप विसरतं. माणसाचा हात विसरत नाही. तो जुन्याच मापाने ओढतो आणि त्याचा श्वास थांबतो. एवढं कोरड्या आवाजात सांगून बाई उठल्या आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आता पंक्चरची गोष्ट. पंक्चर हा माझ्या शेजारच्या खाटेवरचा. सायकलच्या ट्यूब जोडणारा माणूस, हाताची बोटं कायम काळी, बडबड्या. मी या बराकीत आलो तेव्हाचे पहिले सहा दिवस, गोळी अंगात भिनेपर्यंत, माझं मला काही कळत नव्हतं. त्या सहा दिवसांत माझी ओकारी याने पुसली. माझी चड्डी याने धुतली. वर म्हणायचा की लेका, एवढी घाण तर माझ्या दुकानासमोरच्या गटारातही नव्हती. सख्खा भाऊ करणार नाही असं केलं त्याने, आणि त्यासाठी एकदाही उपकाराचं तोंड केलं नाही.

त्याचं अपील फेटाळलं गेलं त्या आठवड्यात तो घसरला. सोमवारी पहाटे माझ्या खाटेवर येऊन बसला, तोंड असं की कुणी ट्यूबमधली हवा सोडावी. म्हणाला, "माझी एक रेघ येणार. मी भोंगा होणार, रंगाऱ्या."

मी काय करायला हवं होतं ते आज मला कुणीही सांगेल. त्या पहाटे मी फक्त एवढंच केलं की संडासात गेलो, माझ्या मुताने प्लास्टिकची एक पिशवी भरली, गाठ मारली आणि त्याच्या काखेत दिली, म्हणजे ऊब राहील. तपासणीच्या वेळी दाराशी पहाऱ्याचा जमादार उभा असायचा, पण पाठ करून. त्याला वास सहन व्हायचा नाही. पंक्चरने आत जाऊन पिशवी दाताने फोडली, बाटली भरली, आणि त्याच्या दोन रेघा आल्या.

असं गुपित बावीस माणसांत टिकत नाही. दुसऱ्या आठवड्यात तिघं आले. महिन्याभरात नऊ झाले. मी नाही म्हणू शकलो असतो, पण मी नाही म्हटलं की माणूस मरतो, हे भोंग्याने सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायलाही लागलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं काहीतरी होतं जे दुसऱ्याला हवं होतं. कुणी अर्धी साबणाची वडी द्यायचा, कुणी माझ्या वाटणीची फरशी पुसायचा. पाच महिने साफ असलेला माणूस होतो मी. दरबारात राजाला मिळत नाही एवढा मान माझ्या मूत्राशयाला होता.

नऊ बाटल्या म्हणजे किती होतं याचा हिशोब करा. रविवारी संध्याकाळपासून पाणी प्यायचं आणि सकाळपर्यंत धरून ठेवायचं. पोट नगाऱ्यासारखं व्हायचं. पंक्चर विचारायचा की धरण भरलं का, दरवाजे कधी उघडणार.

हसण्याची बाजू ही. दुसरी बाजू हसण्यासारखी नव्हती. सगळ्यांच्या दोन रेघा येऊ लागल्यावर बराकीतला उपचारच मेला. दुपारच्या गोलात आता कुणीच घसरत नव्हतं. सगळ्यांचं उत्तम चाललं होतं. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, आणि आंधळं कोण तर ती एकटी बाई, जिला आमच्यासाठी खरंच काहीतरी करायचं होतं. पंक्चरला गोळी कमी पडत होती. बाईंना ते कळलं असतं तर त्यांनी एका दिवसात वाढवली असती. पण कळणार कसं? कागदावर तो साफ होता. साफ माणसाची गोळी कोण वाढवतो?

तिकडे मोठे साहेब, म्हणजे तुरुंगाचे अधीक्षक, हरखून गेले होते. शंभर टक्के निकाल. त्यांनी तो वर कळवला. वरच्यांनी आणखी वर कळवला. एक तपासणी समिती येऊन बघणार असं ठरलं.

आणि पंक्चर वाढतच चालला. पकडलं जाण्याची भीती गेल्यावर माणूस कशाला थांबेल? आठवड्यातून एकदा ओढणारा दिवसाआड ओढायला लागला. एका दुपारी तो बसल्या बसल्या पेंगला, हातात पेटती विडी, आणि विडी बोटांपर्यंत जळत आली तरी तो जागा झाला नाही. कातडी जळल्याचा वास मला आला, त्याला आला नाही. मी त्याच्या बोटांतून विडी काढली. दोन बोटांवर फोड. त्याने डोळे किलकिले केले, हसला आणि म्हणाला की सोमवारचं विसरू नकोस.

तेव्हा मला कळलं की मी याला वाचवत नाहीये. भोंगा एका झटक्यात गेला, याला मी हप्त्याहप्त्याने मारतोय, आणि वर त्याचं शंभर टक्के प्रमाणपत्र माझ्याच हाताने भरतोय. कळलं, पण केलं काहीच नाही. सांगावं तर नऊ जण त्याच दिवशी मोठ्या बराकीत. न सांगावं तर पंक्चर आज ना उद्या जाणारच. हा विचार मी तीन आठवडे उलटासुलटा करून पाहिला. प्रत्येक वेळी खाली पंक्चरचंच प्रेत निघायचं.

त्यातच माझी थोरली बहीण भेटीला आली. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. तिचं शिलाई मशीन मी विकलं होतं, तरी दर दोन महिन्यांनी ती येते, आणि येते ती फक्त माझी खरडपट्टी काढायला. जाळीपलीकडे बसली. मी सांगितलं की पाच आठवड्यांत सुटतोय, उपचार नीट पुरे केल्याबद्दल नव्वद दिवसांची सूट मिळणार आहे. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, अंग भरलंय मेल्या, पण नजर तीच आहे, मशीन विकलंस त्या दिवशीची. काय लपवतोयस?

मी म्हटलं, काही नाही.

ती उठली. वेळ शिल्लक होता, तरी उठली. जाता जाता म्हणाली की मशीनचं दुःख मला कधीच नव्हतं, मशीन दुसरं घेतलं. तू तेव्हाही 'काही नाही'च म्हणाला होतास.

समितीचा सोमवार जवळ आला आणि माझं शरीरच माझ्यावर उलटलं. चार महिने दर रविवारी रात्रभर धरून ठेवून जे व्हायचं तेच झालं. मुतताना आग व्हायला लागली. अशी की भिंतीला डोकं टेकवून उभं राहावं लागे. शनिवारी कंपाउंडरकडे गेलो. त्याने विचारलं पाणी कमी पितोस का. मी काय सांगणार? त्याने जळजळीवर गोळ्या दिल्या, दिवसातून तीन, आणि मान वर न करता काहीतरी पुटपुटला. मी 'हो हो' म्हटलं. आग थांबली, मला तेवढंच हवं होतं.

आमच्या संडासातला दिवा तीन आठवडे गेलेला होता. समितीच्या दिवशी कमी पडू नये म्हणून या वेळी रविवारचा दिवसही मी धरूनच काढला, आणि सोमवारी पहाटे, अंधारात, चाचपडत, सवयीच्या हाताने नऊ पिशव्या भरल्या. गाठी मारल्या. वाटल्या. माझी बाटली मी शेवटी भरली, तपासणीच्या खोलीत, जिथे दिवा आहे.

नारिंगी. साधं पिवळं नाही. आयुष्यभर रंग कालवलेला माणूस आहे मी. लोखंडी फाटकाला पहिला हात देतात तो लालसर नारिंगी असतो ना, अगदी तो. बाटली हातात धरून मी उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या आधी नऊ जण या खोलीतून जाऊन आले आहेत. रंग त्यांनीही बघितला असणार, पण तोवर बाटलीत ओतायला त्यांच्याकडे दुसरं होतं काय?

बाहेर टेबलावर पांढरा कपडा अंथरला होता. समितीसाठी खास. त्या पांढऱ्या कपड्यावर बावीस बाटल्या ओळीने ठेवल्या. बारा बाटल्या माणसांच्या होत्या. दहा बाटल्या फाटकाच्या रंगाच्या.

समितीत तिघं होते. दोघे खुर्चीत बसले होते आणि तिसऱ्या, त्यांच्या मुख्य, एक उंच बाई, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी चष्मा खाली घेतला. वाकून बघितलं. मग सरळ झाल्या आणि डॉक्टरबाईंकडे बघितलं. डॉक्टरबाई बाटल्यांकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांना सगळं एका क्षणात समजलं होतं, चार महिने मागेपर्यंत.

मोठे साहेब म्हणाले की उन्हाळा आहे, कैदी पाणी कमी पितात. उंच बाईंनी विचारलं की मग बाकीचे बारा पाणी कुठून पितात. कंपाउंडर, बिचारा सरळ माणूस, मध्येच म्हणाला की हा रंग त्या जळजळीच्या गोळीने येतो, मी सांगितलंही होतं, आणि गोळी मी एकालाच दिली आहे. आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

साहेबांनी पाच मिनिटं मागून घेतली आणि मला घोंगड्यांच्या कोठीत नेलं. दार लोटलं. साहेब ओरडले नाहीत, हे मुद्दाम सांगतो. अगदी समजावणीच्या आवाजात बोलले. त्यांनी सांगितलं की त्या गोळ्या मी दहा जणांत वाटून खाल्ल्या असं म्हणायचं. सगळ्यांना जळजळ होती. पाणी खराब होतं. कंपाउंडरचं ते बघून घेतील. पट्ट्या बुडतील, दोन-दोन रेघा येतील, समिती चहा पिऊन जाईल, आणि मी पाच आठवड्यांत घरी.

साहेबांना वाईट म्हणत नाही मी. त्यांनी मला बाहेर पडायचा रस्ता दाखवला, आणि तो चांगला, सारवलेला रस्ता होता. नऊ जण वाचत होते. माझी सूट वाचत होती. फक्त त्या रस्त्याच्या शेवटी पंक्चर मरत होता, आणि ते साहेबांच्या खात्यात कुठेच लिहिलं जाणार नव्हतं.

मी बाहेर आलो. सगळी बराक भिंतीला पाठ लावून उभी. पंक्चर माझ्याकडे बघत होता आणि त्याची मान बारीक हलत होती, नको, नको. तो मला सांगू नको म्हणत होता की खोटं बोलू नको म्हणत होता, ते मला तेव्हा कळलं नाही. विचारायला वेळही नव्हता.

मी म्हटलं, "या दहाही बाटल्या माझ्या आहेत. चार महिने माझ्याच असतात."

 मग मी थांबलो नाही. मला भाषण येत नाही, सातवी नापास माणूस आहे मी, पण आठ महिने डोकं साफ होतं आणि त्यात हे एकच साठलं होतं. मी सगळं सांगितलं. पिशव्या, काखा, गाठी. भोंगा कसा गेला ते सांगितलं. चार महिन्यांत या बराकीत एकही माणूस खरं बोललेला नाही आणि का नाही, ते सांगितलं. साहेब मध्ये काहीतरी बोलायला गेले, उंच बाईंनी त्यांच्याकडे न बघता हात वर केला.

"ताप आला म्हणून पेशंटला हाकलून देणारा दवाखाना तुम्ही कुठे पाहिलाय का, बाई?" मी विचारलं. "हा दवाखाना तसा आहे. इथे बरा असेल त्यालाच औषध मिळतं. आजारी पडला की बाहेर. मग आम्ही आजार लपवतो. तुम्ही काय वेगळं केलं असतं?"

उंच बाईंनी विचारलं की यातले किती जण खरंच घेतात. मी म्हटलं ते मी नाही सांगणार, ते ज्याचं त्याने सांगावं. आणि हे बोलताना मला वाटलं की संपलं, आता कुणी बोलणार नाही, आणि मी एकटाच मूर्ख ठरणार.

पंक्चर भिंतीपासून सुटला. टेबलापाशी आला, कोऱ्या बाटल्यांच्या खोक्यातून एक उचलली, आणि जमादाराला म्हणाला, "या वेळेला इकडे तोंड करून उभे राहा. साक्षीदार पाहिजे."

आत गेला. आम्ही सगळे त्या दाराकडे बघत उभे. बराच वेळ लागला. आतून त्याचा आवाज आला की सवय मोडलीये, जरा धीर धरा. कुणीतरी फिसकन हसलं. मग तो बाहेर आला आणि त्याने आपली बाटली पांढऱ्या कपड्यावर ठेवली, त्या नारिंगी ओळीच्या पुढे, एकटी. डॉक्टरबाईंनी पट्टी बुडवली.  एक रेघ.

"माझी आहे," पंक्चर म्हणाला. छाती काढून म्हणाला, जणू काही बक्षीस घ्यायला उभा होता.

मग दुसरा गेला. मग तिसरा. नऊच्या नऊ गेले. कुणी ढकललं नाही, कुणी नाव पुकारलं नाही. प्रत्येक जण स्वतःची बाटली घेऊन आत आणि स्वतःची बाटली घेऊन बाहेर. सहा जणांची एक रेघ आली. एक जण बारा दिवसांपूर्वी घसरला होता, त्याची दोन आली. आणि उरलेल्या दोघांचीही दोन-दोन. ते दोघे गेले चार महिने शुद्ध सोन्यासारखे साफ होते. निव्वळ भीतीने माझं मूत काखेत घेऊन फिरत होते, न जाणो पट्टीच चुकली तर. हे कळलं तेव्हा आधी पंक्चर हसला, मग मी, मग सगळी बराक हसत सुटली. मी भिंतीला धरून हसलो. डॉक्टरबाईंनी तोंडावर हात धरला होता आणि त्या हसत होत्या की रडत होत्या ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. खुर्चीतल्या दोघांपैकी एक जण बूट बघत होता, खांदे हलत होते.

उंच बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि पंक्चरला विचारलं की गोळी पुरत नाही हे तुम्ही डॉक्टरांना कधीपासून सांगितलं नाहीत. 'तुम्ही' म्हणाल्या. तो म्हणाला चार महिने. बाईंनी लिहून घेतलं. मग एकेकाला विचारलं. दुपारचा दीड वाजेपर्यंत त्या तिथेच बसून लिहीत होत्या. चहा आला तो गार झाला.

जाताना त्यांनी साहेबांना एवढंच सांगितलं की आपला निर्णय येईपर्यंत यातला एकही माणूस या बराकीतून हलवायचा नाही.

निर्णय यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत साहेबांनी माझी नव्वद दिवसांची सूट कापली. तपासणीत फसवणूक केल्याबद्दल. कागद माझ्या हातात दिला, मी सही केली. खरं होतं, फसवणूक केलीच होती. राग आला नाही असं म्हणत नाही, त्या कागदाकडे बघून मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. फसवायला लावणाऱ्या नियमाला कुणी नव्वद दिवस दिले नव्हते. तिसऱ्या दिवशी पंक्चर त्याची वाटीभर साखर घेऊन आला, माझ्या खाटेवर ठेवली आणि काही न बोलता परत गेला. पंक्चर आणि न बोलता. तेव्हा मला तोंड उघडावंच लागलं.

बाराव्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी खिडकी उघडायच्या आधी आम्हाला गोलात बसवलं आणि कागद वाचून दाखवला. सरकारी भाषा, तीन वाक्यांत एक गोष्ट. बाईंनी दोनदा वाचला, मग सोप्या शब्दांत सांगितला. एक रेघ आली म्हणून या बराकीतून कुणालाही काढायचं नाही. एक रेघ आली तर त्याची गोळी तपासायची, गरज पडली तर वाढवायची, आणि त्याला रोज बोलवायचं. मारामारी केली किंवा गोळी विकली तरच बाहेर. सहा महिने असं करून बघायचं. आणि बाटली भरताना पाठ करून उभं राहायचं नाही, हे जमादारासाठी खास वेगळं लिहिलं होतं.

जमादार म्हणाला की मला फक्त वास सहन होत नाही, माझ्यावर कागद कशाला काढलात.

आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. ओरडलो. बावीस माणसं एकदम ओरडली, असं की बाहेरच्या पहाऱ्यावरचे दोघे काठ्या घेऊन धावत आले. त्यांना वाटलं दंगा झाला. जमादाराने त्यांना दारातूनच सांगितलं, काही नाही, औषध वाढवून मिळालंय.

त्या दिवशी पंक्चरची गोळी वाढली. पुढच्या सोमवारी त्याची एक रेघ आली. त्याने स्वतः सांगितलं की किती ओढली, कुठल्या दिवशी, कशाने मन घसरलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही एकच रेघ. तिसऱ्या सोमवारी तो म्हणाला की या आठवड्यात एकदाच, आणि तीही अर्धी टाकून दिली. गोलात आता खरं बोलायची चढाओढ लागली होती, इतकी की एकदा बाईंना सांगावं लागलं, अहो, घसरला नसाल तर घसरलो म्हणू नका.

मोठ्या बराकीत बातमी गेली. आधी आमच्या बराकीसाठी अर्ज करणारे थोडे असायचे, कारण ज्याची खात्री नाही तो कशाला येईल? त्या महिन्यात एकसष्ट अर्ज आले. साहेबांनी डॉक्टरबाईंना बोलावून विचारलं की जागा कुठून आणायची. बाई म्हणाल्या की घोंगड्यांची कोठी रिकामी करा. साहेबांनी केली. कुरकुरत केली, पण केली, आणि मी ती रंगवली. पांढरी, दोन हात, कडेला फिकट निळा पट्टा. साहेब येऊन उभे राहिले, भिंतीवर बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले की चुन्यात काय घातलंस, सुटत नाही. मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. आमच्यात एवढंच बोलणं झालं आणि तेवढं पुरे होतं.

बहिणीला मी पत्राने कळवलं नाही. भेटीची वाट बघितली. ती आली, जाळीपलीकडे बसली आणि तिने पहिल्यांदा माझी नजर बघितली. मी तिला सगळं सांगितलं, मूत आणि पिशव्या आणि रंग सगळं, एकही शब्द न गाळता. शेवटी सांगितलं की नव्वद दिवस आणखी राहावं लागणार. शेजारच्या जाळीवरची माणसंही कान देऊन ऐकत होती. ती तोंडाला पदर लावून बराच वेळ हलत राहिली आणि मला वाटलं रडतेय.

"मुडद्या," ती म्हणाली, "खरं बोलायला तुला मुतावर यावं लागलं?"

आणि मग इतकी हसली की पहाऱ्यावरच्याने येऊन पाणी दिलं. वेळ संपेपर्यंत ती उठली नाही.

गोळी वाढल्यापासूनचा पंक्चरचा नववा सोमवार उजाडला. बाटली भरून आला, टेबलावर ठेवली आणि नेहमीसारखा बाकावर जाऊन बसला. आता तो पट्टीकडे बघायचाही नाही, येईल ते येईल म्हणायचा. डॉक्टरबाईंनी पट्टी बुडवली, घड्याळ बघितलं, थांबल्या. मग पट्टी उचलून उजेडात धरली. मग त्याला जवळ बोलावलं आणि पट्टी त्याच्या हातात दिली.

तो बघत राहिला. त्याच्या जळालेल्या बोटांवर नवी गुलाबी कातडी आली होती, त्या बोटांत ती पट्टी. त्याने ती मला दाखवली. जमादाराला दाखवली. एकेका खाटेपाशी जाऊन एकवीस माणसांना दाखवली आणि प्रत्येकाला मोजून दाखवलं, ही एक, ही दुसरी. कोठीतल्या नव्या माणसांना दाखवून आला. परत आला आणि बाईंना म्हणाला की वहीत नाव नीट लिहा. टोपणनाव नको, आईबापाने ठेवलेलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

बाईंनी विचारलं. त्याने सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. बाईंनी लिहिलं. आम्ही सगळे त्या वहीवर वाकलो होतो, आणि बाईंच्या पेनाची निब उचलली जाईपर्यंत त्याने बोट त्या ओळीवरून काढलं नाही.